न्हाणीघराचा इतिहास आणि कामगाराचे घर



इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. दरबारात काय घडले याची नोंद बखरकारांनी केली. घरामागच्या न्हाणीत काय घडले याची नोंद कोणी केली नाही. वस्तुतः एखाद्या समाजात कष्टकऱ्याची किंमत किती, हे पाहावयाचे असेल तर त्याची आंघोळीची जागा पाहावी. आम्ही कामगार चळवळीत उमर घालवलेली माणसे. पगार, बोनस आणि महागाई भत्ता यांवर आम्ही पुष्कळ बोललो. पण अलीकडे सभासद आमच्याकडे एक निराळाच प्रश्न घेऊन येतात : "भाऊ, हाती थोडे पैसे आलेत. तीस वर्षांची जुनी बाथरूम नवी करायची आहे. कुठून सुरुवात करू?"

हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आमच्या तीन गावांत त्याचे उत्तर चुकले तर खालच्या मजल्यावरील कुटुंबाचा जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून आज या विषयाचा इतिहास थोडक्यात सांगावा आणि त्यातून काही व्यवहार्य निष्कर्ष काढावेत, असा आमचा विचार आहे.

आरंभ सिंधपासून करू. मोहेंजोदडो येथे १९२२ सालापासून उत्खनन झाले आणि सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे एक नगर उजेडात आले. तेथील पुष्कळ घरांत स्नानासाठी वेगळी जागा होती. भाजलेल्या विटा एकमेकींना घट्ट भिडवून तिची जमीन केलेली असे. तिला एका कोपऱ्याकडे उतार दिलेला असे आणि तेथून पाणी रस्त्यावरच्या गटारात जात असे. तेथील प्रसिद्ध महास्नानगृह सुमारे बारा मीटर लांब आणि सात मीटर रुंद आहे. त्यातून पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे नैसर्गिक डांबराचा थर दिलेला होता. घट्ट सांधा, योग्य उतार आणि पाणी अडवणारा थर, या तीन गोष्टी त्या गवंड्यांना ठाऊक होत्या. आजच्या न्हाणीघराचे शास्त्रही याच तीन गोष्टींवर उभे आहे. बाकीचे सारे शोभेचे.

पुढे फाळणी झाली आणि त्याच सिंधमधून सुमारे एक लाख माणसे आमच्या दारात आली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी बांधली होती. युद्ध संपल्यावर रिकाम्या पडलेल्या तिच्या बराकींत या निर्वासितांची सोय झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. तथापि नाव बदलले म्हणून बराक बदलत नाही. अजूनही लोक "कॅम्प नंबर तीन", "कॅम्प नंबर चार" असाच पत्ता सांगतात. सैनिकांसाठी बांधलेल्या त्या लांबलचक इमारतींत एका कुटुंबाला एक खोली मिळाली. नळ आणि संडास सामाईक. सैनिक उघड्यावर नळाखाली आंघोळ करू शकतो. घरची बाई ते करू शकत नाही. म्हणून पोते, चादर किंवा पत्रा लावून प्रत्येक कुटुंबाने आधी आडोसा केला, मग चार विटा लावून मोरी केली, आणि पुढे तिच्यावर छप्पर घातले. उल्हासनगरातील पहिले खाजगी बांधकाम कोणते, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही सांगू की मोरीचे.

मराठी कामगाराची कथा याहून फार निराळी नव्हती. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या काळात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या चाळी बांधल्या त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. खोलीच्या कोपऱ्यात मोरी आणि संडास बाहेर, सर्वांना मिळून. त्या मोरीतच भांडी, तेथेच धुणे, तेथेच बाळंतिणीची आणि बाळाची आंघोळ. सुनेने अंग धुवायचे तर सासऱ्याने आणि दिराने गॅलरीत जाऊन उभे राहायचे. शहाबादी फरशीचा तो तीन फुटांचा चौकोन म्हणजे बाईच्या दिवसाचा निम्मा भाग होता.

आता अंबरनाथकडे वळू. या गावची कीर्ती शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० सालच्या शिलालेखामुळे आणि वालधुनीच्या काठच्या शिवालयामुळे. परंतु आमच्या पिढीला अंबरनाथ ओळखीचे आहे ते भोंग्यांमुळे. १९१९ साली स्थापन झालेली धरमसी मोरारजी केमिकल कंपनी, त्यानंतरची विमकोची आगपेट्यांची फॅक्टरी, स्वातंत्र्यानंतरचे संरक्षण खात्याचे कारखाने आणि १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर उभी राहिलेली औद्योगिक वसाहत, यांनी येथे माणूस आणला. रसायन, तेल आणि धातूचा कीस अंगावर घेऊन घरी जाणारा हा माणूस. त्याच्यासाठी आंघोळ म्हणजे औषध होते.

१९४८ च्या कारखाना कायद्याने हे ओळखले होते. त्याच्या ४२ व्या कलमात कामगारांसाठी हातपाय धुण्याची पुरेशी सोय, आणि स्त्री व पुरुष यांच्यासाठी वेगळी व आडोशाची सोय, मालकावर बंधनकारक केली होती. १९ व्या कलमात तर असे होते की, अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात संडास व मुताऱ्यांची जमीन आणि भिंती ९० सेंटिमीटर उंचीपर्यंत चकचकीत टाइल्सच्या किंवा तशाच गुळगुळीत, पाणी न शोषणाऱ्या असाव्यात. याचा अर्थ असा झाला की, ज्या माणसाला कारखान्यात कायद्याने टाइलची भिंत मिळाली, त्याच्या घरच्या मोरीची भिंत मात्र सिमेंटचीच राहिली. एका कारखान्याच्या मागणीपत्रात आम्ही साबण आणि धुण्याच्या जागेची मागणी घातली, तेव्हा समोरचे अधिकारी हसले होते. त्यांना जगाचा इतिहास ठाऊक नसावा. इंग्लंडच्या कोळसा खाणीतील मजूर घरी येऊन चुलीपुढे पत्र्याच्या टबात अंग धूत असे आणि त्याचे पाणी तापवता तापवता त्याच्या बायकोची पाठ मोडत असे. १९२६ साली तेथील पार्लमेंटने खाणींच्या रॉयल्टीवर कर बसवला आणि त्या पैशातून खाणीच्या तोंडाशी शेकडो स्नानगृहे उभी राहिली. त्या मागणीपुढे तेथे कोणी हसले असेलच, पण शेवटी कायदा झाला.

बदलापूरची गोष्ट पाण्याची आहे. जुन्या बदलापुरात उल्हास नदी, आड आणि घरामागची न्हाणी असा संसार होता. न्हाणीत तांब्याचा बंब, पितळेचे घंगाळ आणि अळूच्या वाफ्याकडे जाणारे सांडपाणी. मग १९७२ साली महामंडळाचे बारवी धरण झाले. कारखान्यांसाठी अडवलेले हे पाणी पुढे आमच्या नळांतही आले. उल्हासनगरला स्वतःचे धरण नाही. धरणाची उंची वाढली तेव्हा तेथील शेतकऱ्यांची आणि आदिवासींची घरेदारे पाण्याखाली गेली, हेही येथे सांगितले पाहिजे. गळणारा नळ हा केवळ आपल्या खिशाचा प्रश्न नसतो.

पाणी आले, लोकल गाड्या वाढल्या, आणि मुंबईत घर न परवडणारा माणूस या बाजूला सरकला. २०११ च्या शिरगणतीत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात गेली. फ्लॅट आले आणि मोरीची बाथरूम झाली. एच. अँड आर. जॉन्सनने १९५८ साली या देशात काम सुरू केल्यानंतर पांढरी चौकोनी टाइल हळूहळू मध्यमवर्गीयांच्या भिंतीवर चढली होती. पुढे गुजरातेतील मोरबीच्या कारखान्यांनी ती कामगाराच्याही आवाक्यात आणली. ही प्रगतीच होय. परंतु तिच्या पोटात एक दोष राहिला.

चाळीतली मोरी गळली की दिसत असे. फ्लॅटच्या बाथरूमचा स्लॅब बहुधा फूटभर खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात नळ्या टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि त्यावर टाइल्स बसवतात. सांधा उघडला की पाणी त्या भरावात साठते आणि वर्षानुवर्षे कोणाला कळत नाही. काँक्रीटमधील चुन्याचा गुण असा की तो आतल्या सळईला गंजू देत नाही. हवा आणि ओल यांनी तो गुण कमी होत जातो. मग सळई गंजते. गंज लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते, खालच्या घराचे प्लास्टर फुगते आणि एके दिवशी लादी सुटते. खाडीची खारट रेती वापरली असेल तर हे लवकर घडते. उल्हासनगरात घाईने आणि परवानगीवाचून इतके बांधकाम झाले की, ते नियमित करण्यासाठी २००६ साली सरकारला वेगळा कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत तेथील दोन इमारतींचे स्लॅब एकावर एक कोसळून दहाहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटना बाथरूमच्या गळतीने झाल्या, असे आमचे म्हणणे नाही. पण जी इमारत आधीच दुबळी आहे तिला आपल्या बाथरूमच्या पाण्याने आणखी दुबळी करू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आता सभासदाच्या प्रश्नाकडे येऊ. पैसे थोडे असतील तर प्रथम टाइल्सच्या दुकानात जाऊ नये, खालच्या शेजाऱ्याच्या घरी जावे आणि त्याचे छत पाहावे. छत कोरडे असेल तर फोडाफोडीची गरजच नाही. नाण्याने टाइल्स वाजवून पाहाव्यात. पोकळ वाजतील तेवढ्याच बदलाव्यात, बाकीचे सांधे खरवडून नव्याने भरावेत, नळ आणि दार बदलावे, रंग द्यावा. एवढ्याने तीस वर्षांची खोली उजळते. छत ओले असेल तर मात्र वरवरचा उपाय करू नये. जुन्या फरशीवर मसाला ओतून नवी फरशी चढवणे म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. दीड इंच मसाल्याचा थर चौरस मीटरमागे सुमारे ऐंशी किलो भरतो; तो भार त्याच गंजक्या सळयांवर पडतो आणि गळती तशीच राहते.

अशा वेळी भराव काढावा; तोही छिन्नी-हातोड्याने, सावकाश, कारण मशीनच्या हादऱ्याने जुना स्लॅब खिळखिळा होतो. सळई उघडी दिसली तर गवंड्याला थांबवून इंजिनियरला बोलवावे. नळ्यांच्या जागा बदलू नयेत; खर्च तेथेच वाढतो. पाणी अडवणारा थर दिल्यावर दोन दिवस पाणी भरून ठेवावे आणि खालचे छत कोरडे राहिले तरच पुढे जावे. जमिनीला नहाणी ट्रॅपकडे दर फुटाला सुमारे पाव इंच उतार असावा. जमिनीची टाइल खरखरीत घ्यावी, म्हणजे म्हातारी माणसे घसरणार नाहीत. भिंतीसाठी सेकंडचा माल चालतो. गॅसचा गीझर बंद बाथरूमच्या आत कधीही बसवू नये. त्याच्या विषारी वायूला वास नसतो आणि त्याने माणसे आंघोळ करता करता मेली आहेत.

आणि काटकसर कोठे करावी, याविषयी आमचे स्पष्ट मत आहे. ती चकाकीत करावी; नाक्यावरून आणलेल्या गवंड्याच्या मजुरीत करू नये. टाइल कापताना उडणारी धूळ त्याच्या फुप्फुसात जाते. तेव्हा त्याला पाणी मारून कापू द्यावे, तोंडाला मास्क द्यावा, आणि संध्याकाळी हातपाय धुवायला बादलीभर पाणी द्यावे. ज्या मागणीसाठी आपण कारखान्याच्या दाराशी उभे राहिलो, ती आपल्या घरात काम करणाऱ्याला नाकारता येत नाही.

शेवटी एकच मुद्दा मांडतो. इमारतीत दिवाणखाना ज्याचा त्याचा असतो, परंतु बाथरूमा एकावर एक असतात आणि त्यांची नळी एकच असते. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे आतली गळती ज्याची त्याने दुरुस्त करावयाची असते. तो नियम योग्यच आहे. तथापि एका ओळीतील चार-पाच घरांनी मिळून एकदाच काम काढले तर परांची एकदा बांधावी लागते, माल ठोक भावात मिळतो, इंजिनियरची फी वाटली जाते आणि कोणाच्या दुरुस्तीवर कोणाचे पाणी पडत नाही. मागणी एकट्याने केली तर ती विनवणी होते, सर्वांनी केली तर करार होतो, हे आम्ही कारखान्यात शिकलो. आपल्या जिन्यात तो धडा गिरवावयाला कोणाची परवानगी लागत नाही. आज घरी गेल्यावर खालच्या शेजाऱ्याची कडी वाजवा आणि त्याचे छत पाहून या, एवढी आमची विनंती आहे.