अंतर व खोली (भूकंपशास्त्र)

अंतर व खोली : भूकंपाचे स्थान सांगणाऱ्या दोन राशी. दोन्ही किलोमीटरमध्ये दिल्या जात असल्याने बातम्यांत त्यांची सरमिसळ होते. जमिनीखाली जिथे खडक तुटायला सुरुवात होते त्या जागेला भूकंपनाभी आणि तिच्या थेट वर भूपृष्ठावर येणाऱ्या बिंदूला अपिकेंद्र म्हणतात. या दोहोंमधील उभी लांबी म्हणजे खोली. ती त्या भूकंपाची असते आणि एकच असते. अंतर मात्र कोणत्या ठिकाणापासून मोजले ते सांगितल्याशिवाय पुरे होत नाही : एकाच धक्क्याचे लातूरपासूनचे अंतर वेगळे, सोलापूरपासूनचे वेगळे.

अंतराचेही दोन प्रकार आहेत. अपिकेंद्रापासूनचे अंतर भूपृष्ठावरून मोजतात. नाभीपासूनचे अंतर तिरपे, खडकातून जाणारे असते. एखादे गाव अपिकेंद्रापासून ३० किमी. दूर आणि नाभी ४० किमी. खोल असेल, तर नाभी त्या गावापासून ५० किमी.वर असते. दूरच्या भूकंपांत अपिकेंद्रापासूनचे अंतर अंशांत देण्याची पद्धत आहे. एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी.

खोली कोणत्या पातळीपासून धरायची, याबाबत एकवाक्यता नाही. काही सूच्यांत ती समुद्रसपाटीपासून असते, तर काहींत नोंद देणाऱ्या केंद्रांच्या सरासरी उंचीपासून. नाभी शंभर किमी. खोल असताना हा फरक नगण्य ठरतो; सह्याद्रीतील चार-पाच किमी. खोलीच्या धक्क्यांत तो विचारात घ्यावा लागतो. उंच ज्वालामुखीच्या पोटातील धक्क्यांची खोली कधीकधी ऋण येते, कारण नाभी जमिनीखाली असूनही समुद्रसपाटीच्या वर असते.

मापन : अंतर काढणे तुलनेने सोपे आहे. प्राथमिक लहरी भूकवचातून सेकंदाला साधारण ६ किमी. वेगाने जातात, तर दुय्यम लहरी साडेतीन किमी. वेगाने. भूकंपमापकावर त्या दोहोंच्या आगमनात जितक्या सेकंदांचा फरक दिसतो, त्याला ८ ने गुणले की जवळच्या भूकंपाचे अंतर ढोबळमानाने मिळते. हे अंतर नाभीपासूनचे असते. म्हणून तीन केंद्रांभोवती त्या-त्या अंतराची वर्तुळे नकाशावर काढली, तर ती शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीसारखी एका बिंदूत मिळत नाहीत. मध्ये एक लहान क्षेत्र उरते. ते केवळ मोजणीच्या चुकीने उरत नाही, त्यात खोलीचाही वाटा असतो.

खोली ठरवायला निदान एक भूकंपमापक अपिकेंद्राच्या जवळ, साधारण खोलीइतक्याच अंतरावर असावा लागतो. तसा तो नसेल, तर नाभीतून वर जाऊन भूपृष्ठावरून परावर्तित झालेल्या लहरींचा आधार घेतात. सरळ आलेली लहर आणि तिच्यामागून आलेली परावर्तित लहर यांतील वेळ मुख्यतः खोलीवर अवलंबून असतो, अंतरावर फारच थोडा. उथळ भूकंपात मात्र या दोन लहरी एकमेकींत मिसळतात आणि हा उपायही खुंटतो. अशा वेळी गणितात खोली आधीच गृहीत धरून बाकीचे स्थान काढतात. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या जुन्या नोंदींत हा गृहीत आकडा बहुधा ३३ किमी. असे, आता उथळ भूकंपांसाठी तो १० किमी. असतो. सूची वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

इतिहास : काही भूकंप फार खोलवर होत असावेत, असे ब्रिटिश शास्त्रज्ञ एच. एच. टर्नर यांनी १९२२ मध्ये मांडले. खात्रीचा पुरावा जपानचे कियो वादाती यांनी १९२८ मध्ये दिला. उथळ भूकंपात अपिकेंद्राजवळ प्राथमिक आणि दुय्यम लहरी जवळजवळ एकदमच पोचतात. वादाती यांनी तपासलेल्या काही भूकंपांत अपिकेंद्रापाशीही त्यांच्यात मोठे अंतर पडत होते. याचा अर्थ नाभी खाली शेकडो किमी. असली पाहिजे. आज ७० किमी.पर्यंत उथळ, ७० ते ३०० मध्यम आणि ३०० ते ७०० खोल असे वर्गीकरण रूढ आहे. ७०० किमी.च्या खाली भूकंप जवळपास होत नाहीत.

किल्लारी : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत झालेला भूकंप हे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण. महत्ता ६.२ च्या आसपास होती. मृतांचे आकडे सुमारे आठ ते दहा हजारांच्या दरम्यान दिले जातात. नाभीच्या खोलीबाबत निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे जुळत नाहीत, मात्र ती उथळ होती याविषयी दुमत नाही : किल्लारीजवळ जमिनीवरही भेगा व उंचवटे उमटले होते. खोलीचा आकडा का डळमळतो, हे साध्या हिशेबाने कळते. किल्लारीपासून हैदराबाद सुमारे २२० किमी. आहे. नाभीची खोली ५ किमी. धरली काय किंवा १५ किमी. धरली काय, हैदराबादपासूनच्या तिरप्या अंतरात अर्ध्या किमी.चाही फरक पडत नाही. किल्लारीच्या माळवदी घरांखाली मात्र तोच फरक तिपटीचा होतो.

भूकंपानंतर तात्पुरते भूकंपमापक बसवून उत्तरधक्क्यांची नोंद घेतली गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मी. खोल विवर घेतले. तिथे दख्खनच्या काळ्या खडकाची जाडी ३३८ मी. भरली, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग प्राचीन पायाभूत खडक लागला. हे विवर नाभीपर्यंत पोचण्यासाठी नव्हते. नाभी त्याच्या तळापासूनही काही किमी. खाली होती.

कोयना : शिवाजीसागर जलाशय १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागल्यावर धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप (महत्ता ६.३) याच भागातला. येथील धक्के सुमारे ६०० चौ. किमी. क्षेत्रात होतात आणि बहुतेक १० किमी.पेक्षा कमी खोलीवर. नाभी इतकी वर आणि क्षेत्र इतके मर्यादित असल्याने भूकंपाच्या जागेजवळ जाऊन निरीक्षण करता येईल, या हेतूने गोठणे येथे सुमारे ३ किमी. खोल प्राथमिक विवर घेतले गेले. कराड येथे त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे.

परिणाम : १० किमी. खोलीच्या भूकंपात अपिकेंद्रावरचा माणूस नाभीपासून १० किमी.वर असतो, तर १०० किमी. दूरच्या गावचा सुमारे १०० किमी.वर, म्हणजे दहापट. खोली १०० किमी. असल्यास हीच अंतरे १०० आणि १४१ होतात. त्यामुळे उथळ भूकंप थोड्या क्षेत्राला उद्ध्वस्त करतो, तर खोल भूकंप मोठ्या प्रदेशाला सौम्यपणे हलवतो. ८ ऑक्टोबर २००५ चा काश्मीरचा भूकंप (७.६, उथळ) आणि २६ ऑक्टोबर २०१५ चा हिंदुकुशचा (७.५, खोली २०० किमी.हून अधिक) महत्तेने जवळजवळ सारखे. पहिल्यात सत्तर हजारांहून अधिक माणसे गेली, दुसऱ्यात सुमारे चारशे. वस्ती, बांधकाम आणि उतारांची स्थिती भिन्न असल्याने सगळे श्रेय खोलीला देता येणार नाही. २४ मे २०१३ रोजी ओखोट्स्क समुद्राखाली सुमारे ६०० किमी. खोलीवर ८.३ महत्तेचा भूकंप झाला. तो मॉस्कोपर्यंत जाणवला.

अंतर वाढले की हादरा कमी होतो, हा नियम जमिनीच्या प्रकारामुळेही मोडतो. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात अपिकेंद्रापासून सुमारे २५० किमी. दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. शहराखालचा साबरमतीचा गाळ हे त्याचे एक कारण मानतात. निकृष्ट बांधकाम हे दुसरे.

 

महाराष्ट्रातील अलीकडच्या नोंदी : पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली; तिथे स्थानिक भूकंपमापक बसवल्याने खोलीचे आकडे अधिक भरवशाचे झाले. हिंगोली परिसरात २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ महत्तेचे धक्के बसले. दोन्ही वेळा राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने जाहीर केलेली खोली १० किमी. होती.