‘दादा’ या शब्दाची घसरण

मराठी घरात थोरल्या भावाला ‘दादा’ म्हणतात. या हाकेत वडीलकी आहे, मायेचा आधार आहे. मुंबईच्या गिरणगावात मात्र तिला दुसरा अर्थ चिकटला. वस्तीतील तालमीचा बलदंड पुढारी तो ‘दादा’. तो भांडणे मिटवी, अडल्यानडल्याला मदत करी आणि प्रसंगी लाठीही चालवी. १९२८-२९ च्या संपकाळात मालक आणि संपकरी या दोन्ही पक्षांनी दादांचे बळ वापरले. पुढे आधार ओसरला, दहशत उरली. ‘भाई’ या शब्दाचीही तीच गत झाली.

फारसीतून आलेला ‘बदमाश’ अधिक बोलका आहे. ‘बद’ म्हणजे वाईट. ‘मआश’ म्हणजे उपजीविका. ज्याची उपजीविका वाईट, तो बदमाश! १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हजारोंचा रोजगार कायमचा बुडाला आणि त्या घरांतील काही तरुण टोळ्यांच्या हाती लागले. समाजाने त्यांना गुंड, मवाली म्हटले. उपजीविकेचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला.

ख्रिस्ताशेजारी क्रुसावर खिळलेल्या माणसाला संत लूक ‘दुष्कर्मी’ म्हणतो. प्रभूने त्याला त्या नावाने संबोधले नाही. सुखलोकाचे वचन दिले. आपल्या आळीतील वाट चुकलेल्या पोराला नाव ठेवण्यापूर्वी आपण त्याचे थोरले भाऊ झालो होतो काय? ती जागा आपण रिकामी ठेवली, म्हणूनच तेथे ‘दादा’ येऊन बसला.