रॅमच्या पट्टीची कुळकथा

घरातला दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप मंदावला की दुकानदार आधी रॅम वाढवायला सांगतो. काम पाच मिनिटांचं असतं. वीज बंद करून वायर काढायची, पेटीचा बाजूचा पत्रा उघडायचा, स्लॉटच्या टोकांच्या कळा बाहेर ढकलायच्या, पट्टीतली चीर स्लॉटमधल्या उंचवट्यावर आणायची आणि अंगठ्यांनी दाबायचं. ‘खट्’ असा आवाज आला, कळा मिटल्या, की झालं. ज्याला सोल्डरिंगचा गंध नाही त्यालाही हे जमतं. पण हा सोपेपणा पहिल्यापासून नव्हता.

१९७५ साली आलेल्या आल्टेअर ८८०० या संगणकात मुळात फक्त २५६ बाइट मेमरी होती. त्यात बेसिक ही भाषा चालवायची तर ४ किलोबाइटचं वेगळं कार्ड घ्यावं लागे, आणि संगणक बनवणाऱ्या कंपनीची ती कार्डं बेभरवशाची म्हणून बदनाम झाली. ब्रिटनमधल्या झेडएक्स ८१ मध्ये १ किलोबाइट मेमरी असे. १६ किलोबाइटची डबी मागून खोचता यायची, पण टायपिंग करताना ती जरा हलली की सगळं लिहिलेलं जायचं. लोक ती चिकटवून, बांधून ठेवत.

१९८१ च्या आयबीएम पीसीत मेमरी वाढवणं म्हणजे सुट्या चिप खोचणं. त्या काळच्या एका चिपमधून एका वेळी एकच बिट मिळे, म्हणून एका बाइटसाठी आठ चिप आणि चूक ओळखायला नववी, असा नऊ-नऊचा हिशेब होता. मदरबोर्डवरची मेमरी १६ वरून ६४ किलोबाइटवर न्यायची तर २७ चिप लागत. प्रत्येकीला १६ पाय, म्हणजे ४३२ पाय एकही न वाकवता सॉकेटमध्ये बसवायचे. चिप उलटी बसली तर ती जळण्याची भीती. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशमध्ये तर सॉकेटही नव्हते, चिप थेट सोल्डर केलेल्या. वापरणाऱ्याने पेटी उघडूच नये अशी स्टीव्ह जॉब्ज यांची भूमिका होती. तरी बोर्डची आखणी करणाऱ्या बरेल स्मिथ यांनी पुढे मोठ्या चिप बसतील अशी सोय त्यात ठेवली, आणि त्यामुळे अनेकांनी जुन्या चिप उपटून १२८ चे ५१२ किलोबाइट करून घेतले.

या त्रासावरचा तोडगा निघाला तो अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वँग लॅबोरेटरीजमध्ये. आणि इथे कुळाचा धागा मागे जातो. कंपनीचे संस्थापक अॅन वँग हे शांघायमध्ये जन्मलेले, हार्वर्डमध्ये हॉवर्ड एकेन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले. चुंबकीय कड्यांमध्ये माहिती साठवता येते हे माहीत होतं, पण अडचण अशी की कडं वाचलं की त्यातली माहिती पुसली जाई. वँग यांनी मार्ग काढला : पुसली तर पुसू दे, वाचलेलं लगेच परत लिहा. या युक्तीच्या पेटंटचा अर्ज त्यांनी १९४९ मध्ये केला, १९५५ मध्ये ते मिळालं आणि पुढच्याच वर्षी आयबीएमने ते पाच लाख डॉलरला विकत घेतलं.

पुढे कडी गेली, सिलिकॉन आलं. १९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर एक बिट साठवण्याची युक्ती शोधली. आजची रॅम तीच. तिचा कपॅसिटर गळक्या माठासारखा असतो, त्यातला विद्युतभार काही मिलिसेकंदांतच ओसरायला लागतो, म्हणून तो सतत भरत राहावा लागतो. शिवाय बिट वाचला की भार जातो, आणि वाचलेलं परत लिहावं लागतं. कडी संग्रहालयात गेली, पण वँग यांचा नियम आपल्या घरच्या संगणकात दर क्षणी पाळला जातो. मला या सगळ्या गोष्टीत हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

त्याच वँग यांच्या कंपनीत १९८३ मध्ये जेम्स क्लेटन यांनी नऊ चिप एका छोट्या पट्टीवर बसवल्या आणि पट्टीच्या काठाला ३० संपर्कबिंदू दिले. हीच ‘सिम’ पट्टी. ती उभी राहत असल्यामुळे बोर्डवर जागा कमी अडते, आणि बिघडली तर अख्खी बदलता येते. वँग कंपनी स्वतः मेमरीच्या चिप बनवत नव्हती, त्यामुळे इतरांनी या पट्ट्या बनवाव्यात म्हणून तिने खटपट केली, उद्योगाच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेपुढे आराखडाही ठेवला. १९८७ मध्ये पेटंट हाती आलं, आणि नंतर कंपनीने त्याच उद्योगावर दावे लावले. तोशिबा आणि एनईसीविरुद्ध ती १९९३ मध्ये अपिलातही जिंकली. मित्सुबिशीविरुद्ध मात्र १९९७ मध्ये हरली. तुम्हीच आराखडे दिलेत, बनवायला सांगितलंत, विकतही घेतलंत, मग परवानगी दिल्यासारखीच झाली, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मला हा निकाल योग्य वाटतो. अॅन वँग तेव्हा हयात नव्हते. कंपनीने १९९२ मध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

पट्टी मात्र जगभर पसरली. १९८६ च्या मॅकिन्टॉश प्लसमध्ये तिचे चार स्लॉट होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जुळवून देण्याचा धंदा उभा राहिला, तोही असल्या कोणत्याही बोर्डवर चालणाऱ्या भागांच्या बळावर.

रॅम जोडीनेच टाकावी लागते, हा जुना नियमही या पट्ट्यांमुळेच आला. ३० बिंदूंची पट्टी एका वेळी आठ बिट देते आणि ४८६ प्रोसेसर ३२ बिट मागतो, म्हणून चार पट्ट्या. पुढे ७२ बिंदूंची ३२ बिटांची पट्टी आली, पण पेंटियमला ६४ हवे होते, म्हणून दोन. १६८ बिंदूंची ‘डिम’ पट्टी पूर्ण ६४ बिटांची, तेव्हा एकीवर भागलं. आज दोन सारख्या पट्ट्या टाकतात त्या वेगासाठी, एकीवरही संगणक चालू होतो. डिमच्या पुढच्या पिढ्यांपैकी डीडीआर २ आणि डीडीआर ३ दोन्ही २४० बिंदूंच्या, पण व्होल्टेज वेगळं, १.८ आणि १.५. म्हणून त्यांची चीर मुद्दाम वेगळ्या जागी ठेवली आहे. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये, ती बहुधा चुकीच्या पिढीची असते.

बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम आता पुन्हा सोल्डर केलेली असते. कमी विजेवर चालणाऱ्या वेगवान मेमरीला प्रोसेसरपर्यंतची वाट अगदी आखूड लागते, हे कारण खरं आहे. पण घेताना ८ जीबीचा घेतला तर तो शेवटपर्यंत ८ जीबीचाच राहतो, आणि एरवी धडधाकट यंत्र भंगारात जातं, हे मला मान्य नाही. स्क्रूने बसणारी चपटी कॅम पाटी हा त्यावरचा नवा उपाय. डेलने तिची सुरुवात केली, २०२३ मध्ये तिचं मानक ठरलं, आणि २०२४ च्या लेनोवो थिंकपॅड पी१ मध्ये ती कमी विजेच्या मेमरीसह आली. त्या लॅपटॉपची रॅम स्क्रू काढून बदलता येते.