एक्स-रेमध्ये नसलेली रेघ

"डॉक्टर, ही काळी रेघ म्हणजे फ्रॅक्चरच ना?" एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून नातेवाईक हमखास विचारतात. पुष्कळदा ती रेघ खरी असते. पण कधीकधी ती फिल्मवर नसतेच, बघणाऱ्याच्या डोळ्यांनी काढलेली असते!

ही गोष्ट सुरू होते पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात. तिथे गालिचे आणि भिंतीवरचे पडदे विणत. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली, म्हणून रंगखात्याचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी काळी लोकर तपासली. रंग उत्तम होता. दोष होता शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा. त्यांच्यामुळे काळा रंग मरगळलेला दिसे. यावर त्यांनी १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथच लिहिला. (हे गृहस्थ पुढे १०२ वर्षे जगले.)

१८६५ मध्ये अर्न्स्ट माख यांनी पुढचा धागा पकडला. विमानाच्या वेगाचे 'मॅक' हे माप त्यांच्याच नावाचे. काळ्या-पांढऱ्या चकत्या वेगाने फिरवल्या की उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू उतरत जाणारी छटा दिसते. ही छटा जिथे सुरू होते तिथे जास्तीचा उजळ पट्टा आणि जिथे संपते तिथे जास्तीचा काळा पट्टा त्यांना दिसला. मोजमापात मात्र असा पट्टा कुठेच नव्हता. डोळ्याच्या पडद्यातल्या शेजारी-शेजारी पेशी एकमेकींना दाबत असाव्यात, असा त्यांनी तर्क केला. तेव्हा तो तपासायची सोय नव्हती.

पुरावा मिळाला समुद्रातल्या एका प्राण्याकडून. हॉर्सशू क्रॅब म्हणतात त्याला, पण तो खेकडा नव्हे, कोळ्यांचा नातलग. अमेरिकेतल्या हार्टलाइन यांनी त्याच्या डोळ्यातल्या एकेका मज्जातंतूचे संदेश मोजले. एका नेत्रिकेवर उजेड टाकला की ती संदेश पाठवते. शेजारणीवरही टाकला की पहिलीचे संदेश कमी होतात. म्हणजे उजेडाच्या कडेवरच्या पेशीला अंधाराच्या बाजूने दाबणारे कोणी नसते, म्हणून ती जास्त उजळ. अंधाराच्या कडेवरचीला उजेडातली शेजारीण दाबते, म्हणून ती जास्त काळी. १९६७ च्या नोबेलमध्ये हार्टलाइन वाटेकरी होते.

कडा ठळक दिसाव्यात म्हणून ही सोय फार उपयोगी. अंधुक उजेडात जिन्याची पायरी कळते ती त्यामुळेच. पण एक्स-रे म्हणजे सपाट फिल्मवर एकावर एक पडलेल्या हाडांच्या सावल्या. मानेच्या दुसऱ्या मणक्याला वर दातासारखा खुंट असतो. त्याच्या बुडावर दुसऱ्या हाडाची कड आली, की तिथे आडवी काळी रेघ उमटल्यासारखी दिसते, अगदी फ्रॅक्चरसारखी. खोटी रेघ खरी मानली तर धडधाकट माणसाच्या मानेला पट्टा बसतो. खरी रेघ खोटी मानली तर मज्जारज्जूला धोका.

म्हणून शंका आली की आम्ही शेजारच्या हाडाची कड जाड कागदाने झाकतो. रेघ नाहीशी झाली, तर ती बहुधा माख यांची. तरीही मान दुखत असेल, अपघात मोठा असेल, तर सीटी स्कॅन करतोच.