अफूचे कुलूप

मंडळी, अफू हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत कुणाला नवा नाही. पूर्वी शेतावर किंवा गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला अफू चाटवून निजवीत. मूल शांत निजे, आईला चार घटका काम करता येई. पण मात्रा जरा जास्त झाली की श्वास मंदावे, आणि एखादे मूल निजलेले ते पुन्हा उठतच नसे. हीच अफू दुखणाइताची कळ थांबवी आणि हीच धडधाकट माणसाचे घर धुऊन नेई. बोंडातल्या एवढ्याशा चिकाने हे सारे घडते कसे? याचा उलगडा व्हायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. त्या शोधाची हकिगत आज सांगायची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या झेर्ट्युर्नर नावाच्या एका तरुण औषध बनविणाऱ्याने अफूतून तिचे सत्त्व वेगळे काढले. तेच मॉर्फिन. पुढे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले, की त्याची अगदी थोडी मात्राही काम करते. रेणूचा आकार थोडासा बदलला, तर मात्र गुण नाहीसा होतो. याचा अर्थ काय? किल्लीचा एखादा दात बदलला, तर कुलूप उघडत नाही, नाही का? मग मेंदूत कुठेतरी अफूचे कुलूप असलेच पाहिजे. अशा कुलपाला शास्त्रात ग्राही म्हणतात. पेशीच्या अंगावर बसलेले हे एक प्रथिन असते. बाहेरचा निरोप घ्यावा आणि आत पोचवावा, एवढेच त्याचे काम.

१९७३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे कँडेस पर्ट ही तरुण संशोधिका आणि तिचे गुरू सॉलोमन स्नायडर यांनी हे कुलूप पकडले. त्यांनी नॅलॉक्सोन नावाचे औषध घेतले. हे औषध त्याच कुलपात शिरते, पण ते उघडत नाही. नुसते अडकून बसते. त्याला किरणोत्सर्गी खूण करून ते उंदराच्या मेंदूच्या लगद्यात मिसळले, तेव्हा ते ठरावीक जागीच चिकटलेले आढळले. त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीही स्वतंत्रपणे हेच दाखविले.

आता तुम्ही म्हणाल, देवाने काय अफूबाजांसाठी मेंदूत कुलूप बसविले? शंका रास्त आहे. तीच शास्त्रज्ञांनाही आली. १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टर्लित्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून दोन छोटे पदार्थ वेगळे काढले. शरीर स्वतःच बनवीत असलेल्या या किल्ल्या. त्यांना एन्केफॅलिन असे नाव पडले. म्हणजे कुलूप होते आपल्याच घरच्या किल्लीचे. अफू ही चोरकिल्ली निघाली!

पण कुलूप घडते कसे, हे अजून गूढच होते. प्रथिन कसे बांधायचे याची लेखी कृती म्हणजे जनुक. ती कृती हाती येईपर्यंत कुलूप असल्याचे कळत होते, पण त्याची घडण दिसत नव्हती. १९९२ साली फ्रान्समध्ये ब्रिजिट कीफर आणि अमेरिकेत ख्रिस्तोफर इव्हान्स यांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ती कृती मिळविली. रीत आपल्या धान्य चाळण्यासारखीच. ज्या पेशींवर कुलूप भरपूर होते, त्यांतल्या सगळ्या कृतींच्या नकला काढल्या आणि हे कुलूप नसलेल्या पेशींत घातल्या. मग खूण केलेली किल्ली सोडली. ज्या पेशीला किल्ली चिकटली, तिच्यातली नक्कल काढून पुन्हा चाळली. शेवटी एकच नक्कल उरली. तिच्यात ३७२ दुव्यांच्या प्रथिनाची कृती होती.

एकदा एक कृती वाचता आली, की तिच्या भावंडांना ओळखणे सोपे. वर्षभरात आणखी दोन कुलपांची जनुके सापडली. १९९४ साली चौथे मिळाले, पण त्याला अफूची किल्ली बसेना, एन्केफॅलिनही बसेना. शास्त्रज्ञ त्याला अनाथ ग्राही म्हणू लागले. आजवर किल्लीवरून कुलूप शोधले होते. आता कुलपावरून किल्ली शोधायची वेळ आली. १९९५ साली तीही मेंदूतच मिळाली. तिचे नाव नोसिसेप्टिन.

यातला सर्वांत मोठा धडा १९९६ सालचा. कीफर यांच्या गटाने या भावंडांपैकी ‘म्यू’ नावाच्या कुलपाचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांना मॉर्फिन दिले, तर कळ शमेना. पण त्याची चटकही लागेना, आणि औषध बंद केल्यावर होणारी तगमगही होईना. म्हणजे उतारा आणि व्यसन, दोन्ही एकाच दारातून आत येतात!

हे समजले की आपला न्यायही बदलायला हवा. व्यसनी माणूस केवळ मनाचा दुबळा नव्हे. त्याच्या मेंदूतले एक दार चोरकिल्लीने पुन्हा पुन्हा उघडले गेले आहे. त्याला बोल लावण्याआधी दवाखान्यात न्यावे. आणि कर्करोगाने तळमळणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन मिळाले, तर त्याला व्यसनाच्या भीतीने नाके मुरडू नयेत. आपल्या देशात १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा झाला, तेव्हा अशा रुग्णांनाही हे औषध मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ साली कायदा दुरुस्त करून ही वाट थोडी मोकळी करण्यात आली.

गुरुजींनी मुलांना हे अवश्य सांगावे: विष आणि औषध यांची दारे पुष्कळदा वेगळी नसतात. म्हणून दार ओळखल्याशिवाय किल्लीला हात लावू नये.