दहा वर्षांचा करार आणि अकरा दिवसांची खोली

परदेशी शिकून आलेल्या माणसाच्या चरित्रात पदव्यांची यादी असते, विद्यापीठांची नावे असतात, परत आल्यावर झालेल्या सत्काराचे वर्णन असते. त्याच्या कर्जाचे प्रकरण मात्र दोन ओळींत आटोपलेले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत आपणही हेच केले आहे. चौदा एप्रिलच्या व्याख्यानांतून कोलंबिया येते, लंडन येते, ग्रेज इन येते. कर्जाचा उल्लेख झालाच तर तो हालअपेष्टांच्या वर्णनात एक करुण रंग भरण्यापुरता होतो. श्रोते हळहळतात आणि वक्ता पुढच्या पदवीकडे वळतो. वास्तविक कर्ज ही हळहळण्याची गोष्ट नाही, ती हिशेबाची गोष्ट आहे. कोणी दिले, कोणत्या अटीवर दिले, फेड कशातून व्हायची होती आणि ती का अडली, हे चार प्रश्न विचारले की एका व्यक्तीच्या वहीत एका समाजव्यवस्थेचा हिशेब दिसू लागतो.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे 'ऋण' हा शब्द फार पवित्र मानला जातो. ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, असे तैत्तिरीय संहिता सांगते; ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजोत्पादनाने फिटते. ह्या ऋणासाठी कोणाच्या दारी जप्ती येत नाही. उलट ते फेडण्याचा मार्ग हाच प्रतिष्ठेचा मार्ग असतो. ज्यांना अध्ययनच निषिद्ध होते त्यांच्या वाट्याला हे ऋण आले नाही. त्यांच्या वाट्याला आले ते खत, जामीन आणि तगादा असलेले कर्ज. बाबासाहेबांचे कर्ज ह्या दुसऱ्या प्रकारचे होते. त्याला 'समाजऋण' वगैरे गोड नाव देऊन त्याची धार घालवू नये.

ह्या कर्जाची सुरुवात बडोद्यापासून होते. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. त्याच वर्षीच्या २ फेब्रुवारीला त्यांचे वडील रामजी सुभेदार वारले होते. घरात आधाराचे माणूस उरले नव्हते. जून महिन्यात करार झाला. शिक्षण पुरे झाल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरी करावयाची, ही त्यातील मुख्य अट. म्हणजे हा पैसा दान नव्हता. तो आगाऊ दिलेला मोबदला होता आणि त्याची फेड पैशाने नव्हे तर श्रमाने व्हायची होती. श्रम घडला नाही की शिष्यवृत्तीचे कर्ज होणार, हे अशा कराराच्या पोटातच असते.

रक्कम केवढी होती? त्या काळी रुपया एक शिलिंग चार पेन्सचा होता, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये पडत. साडेअकरा पौंड म्हणजे महिन्याला सुमारे १७२ रुपये. तीन वर्षांचे ४१४ पौंड, म्हणजे ६,२१० रुपये. प्रवास आणि इतर खर्च सोडून हा नुसत्या विद्यावेतनाचा आकडा झाला. परळच्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबाला तो आयुष्यभरात दिसणारा नव्हता. परंतु कोलंबियाची एम. ए. झालेल्या, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेल्या माणसाला पगाराची नोकरी करता आली असती, तर तो फिटण्यापलीकडचाही नव्हता. सगळा प्रश्न ह्या 'करता आली असती तर' मध्ये आहे.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेब ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईस परतले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडाली आणि त्याबरोबर ग्रंथही गेले. टॉमस कुक कंपनीकडून नुकसानभरपाईचे सुमारे सहाशे रुपये मिळाले, त्यांतून बडोद्याला जाण्याची सोय झाली. करार पाळण्यासाठी जाणाऱ्या माणसाजवळ गाडीभाड्यालाही बुडालेल्या सामानाचाच पैसा होता.

बडोद्यास काय घडले ते बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आठवणींत स्वतःच लिहून ठेवले आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ते पारशी सराईत गेले. तेथे पारशी नाव लावून, दिवसाला दीड रुपया भाड्याने, अडगळीच्या सामानाने भरलेल्या वरच्या मजल्यावर त्यांनी मुक्काम केला. मधल्या काळात सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. दिवाणांना तो तातडीचा वाटला नाही. कागद एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी सराईत आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेले. एक मित्र हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या सबबी सांगून आसरा नाकारला. मुंबईची गाडी रात्री होती. तोपर्यंतचे पाच तास त्यांनी सार्वजनिक बागेत काढले. पुढे केळूसकर गुरुजींनी बडोद्यात राहण्याची सोय व्हावी म्हणून खटपट केली, तीही साधली नाही. कचेरीतही निराळी स्थिती नव्हती. शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकीत.

आता करार कोणी मोडला, हा प्रश्न विचारावा. कागदावर पाहिले तर उत्तर सरळ आहे: संस्थानाने पैसा दिला, नोकरी दिली, नोकर निघून गेला. कायद्याची भाषा इतकेच बोलते. पण दहा वर्षे नोकरी करावयाची तर दहा वर्षे राहायला जागा हवी, पाणी हवे, जेवण हवे. ही अट करारात नव्हती, कारण ती लिहिण्याची गरजच कोणाला भासली नाही. करारांचे नमुने ज्यांच्यासाठी तयार झाले होते त्यांना गावात नातलग असत, जातीची वसतिगृहे असत, खाणावळी असत. त्यांच्यासाठी समाजच ते कलम न लिहिता पाळीत असे. अस्पृश्याच्या बाबतीत तोच समाज ते कलम रोज मोडीत होता, आणि मोडल्याची जबाबदारी मात्र करारावर सही करणाऱ्या एकट्याच्या नावावर पडत होती.

येथे सयाजीरावांना दोष देऊन मोकळे होण्यात अर्थ नाही. अस्पृश्यांसाठी शाळा काढणारा आणि १९०६ साली संस्थानभर सक्तीचे शिक्षण सुरू करणारा हा राजा होता. त्याचा हेतू शुद्ध होता म्हणूनच हे उदाहरण बोलके आहे. राजाची इच्छा अनुकूल, तिजोरी अनुकूल, पदवी हातात. तरीही दिवाणाच्या कचेरीपासून सराईच्या जिन्यापर्यंतचे अंतर तो राजा ओलांडू शकला नाही. वरून आलेली कृपा आणि खाली मुरलेली जात ह्यांच्यामध्ये जो माणूस सापडला, तो कर्जदार ठरला. बडोद्याच्या ह्या पैशाचा प्रश्न पुढे १९२० नंतरच्या दशकातही त्यांच्या पाठीशी राहिला.

मुंबईस परत आल्यावर त्यांनी हरप्रकारे मिळकतीचा मार्ग शोधला. शिकवण्या केल्या. शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले. व्यापारी नफ्यासाठी काहीही करतो असे अर्थशास्त्र शिकवते. इथला व्यापारी मात्र जातीसाठी नफाही सोडत होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार ४५० रुपये. ह्या पगाराच्या चौदा महिन्यांत तीन वर्षांच्या विद्यावेतनाइतकी रक्कम होते. म्हणजे विद्वत्तेला बाजारात किंमत होती. अडत होते ते त्या विद्वत्तेच्या धन्याला पाठ टेकायला जागा मिळण्यापाशी. त्या कॉलेजातही काही सहकाऱ्यांनी त्यांच्या पाण्याच्या भांड्याला हरकत घेतली होतीच.

काटकसरीने शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन आणि कोलंबियातील मित्र नवल भथेना ह्यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेऊन ते जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. बडोद्यात काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि विश्वासावर पाच हजार देणारा मित्रही पारशीच होता. तेव्हा कोणत्याही समाजाविषयी सरसकट निकाल देण्याचे कारण नाही. मात्र हेही लक्षात घ्यावे, की संस्थांनी दार लावले तेथे व्यक्तीने कर्ज दिले. आणि व्यक्तीची मैत्री सर्वांच्या नशिबी नसते.

ह्या दुसऱ्या कर्जाला रुपयाच्या भावाचीही बाजू आहे. १९२० च्या आरंभी सरकारने रुपया दोन शिलिंगांचा ठरविला. तो दर टिकला नाही. १९२१ मध्ये रुपया एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली उतरला. दोन शिलिंगांच्या दराने पाच हजार रुपयांचे पाचशे पौंड होतात, एक शिलिंग चार पेन्सने ३३३ पौंड. कर्ज रुपयांत घ्यायचे, खर्च पौंडांत करायचा आणि फेडायचे पुन्हा रुपयांत, ही त्या काळच्या प्रत्येक हिंदी विद्यार्थ्याची कोंडी होती. ज्याच्या घरून दरमहा हुंडी येई त्याला ती चटका लावून जाई. उसनवारीवर राहणाऱ्याचे जेवणच त्या घसरणीवर ठरत असे. ह्याच काळात बाबासाहेब 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध लिहीत होते. त्या ग्रंथातील युक्तिवाद चलनशास्त्राचे आहेत, आत्मचरित्राचे नाहीत. तरी रुपयाची घसरण सामान्य माणसाच्या पदरात काय टाकते, हे समजायला त्यांना ग्रंथालयाबाहेर जाण्याची गरज नव्हती.

पैसा संपत आला आणि प्रबंधाचा निकाल हाती नसताना एप्रिल १९२३ मध्ये त्यांना परतावे लागले. डी. एस्सी. पदवी त्या वर्षअखेरीस मिळाली. वकिलीची सनद काढायलाही मित्राची मदत घ्यावी लागली. सॉलिसिटरांची कामे वरिष्ठ जातींच्या ओळखीपाळखीतून वाटली जात; अस्पृश्य बॅरिस्टराकडे येत ती गरिबांची कामे, आणि त्यांची फी गरिबीइतकीच. १९२५ पासून तीन वर्षे त्यांनी बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ शिकविले. डी. एस्सी. आणि बॅरिस्टर असलेला माणूस व्यापारी कायद्याच्या शिकवणीवर घर चालवीत होता. आणि ह्याच वर्षांत, २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन होते, २० मार्च १९२७ रोजी महाडचे तळे खुले होते. कर्ज फिटल्यावर समाजकार्य करू, असा विचार त्यांनी केला असता तर महाड झाले नसते. आज 'आधी सेटल होऊ, मग चळवळ' असे म्हणणाऱ्या आपल्या सुशिक्षित बांधवांनी ह्या दोन तारखांकडे पाहावे.

ह्या हिशेबात एक नाव कोणत्याही खतावर नाही, ते रमाबाईंचे. बाबासाहेब परदेशी असतानाचा संसार आणि ते परतल्यानंतरची ओढाताण, दोन्ही परळच्या त्या दोन खोल्यांत त्यांनी सोसली. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. १९३५ च्या २७ मे रोजी त्याही गेल्या. बडोद्याच्या दप्तरात रकमेची नोंद झाली. ह्या बाईने घातलेल्या भांडवलाची नोंद करणारे दप्तर आपण अजून उघडलेले नाही. त्यांना 'त्यागमूर्ती' म्हणून हार घातला की आपली फेड झाली, असे समजणे ही सोयीची पळवाट आहे.

ह्या अनुभवातून बाबासाहेबांनी जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या पुढील कृतीत वाचता येतो. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी मागणी त्यात होती. १९४४ पासून अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी तीन लाख रुपये मंजूर झाले. १९५४-५५ पासून भारत सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. राजाच्या कृपेतून आणि मित्राच्या विश्वासातून शिक्षण सुटले आणि नागरिकाच्या हक्कात आले. आपल्या वाट्याला आलेले कर्ज पुढच्या पिढीच्या वाट्याला येऊ नये, अशी ही तरतूद होती.

तो हक्क आज पुन्हा कर्जाकडे वळतो आहे. शिष्यवृत्तीच्या जागा थोड्या, इच्छुक फार, उरलेल्यांसाठी बँक. २००१ च्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेनुसार साडेसात लाखांवरील कर्जाला तारण लागते. तारण म्हणजे जमीन किंवा घर. ज्यांच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्याकडे तारण का नाही, हा प्रश्न बँकेच्या अर्जात नसतो. आणि कर्ज मिळालेच, तर परतल्यावर हप्ता सुरू होतो, नोकरी शोधावी लागते, नोकरीच्या गावी खोली शोधावी लागते, आणि खोलीच्या दारात आडनाव विचारले जाते. १९१३ च्या करारात जे कलम लिहायचे राहिले ते अजून लिहिले गेलेले नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना एक काम सुचवावेसे वाटते. आपल्या वस्तीतून, आपल्या महाविद्यालयातून जो मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकून आली असेल, तिच्या सत्काराबरोबर तिच्या कर्जाची माहितीही लिहून घ्यावी. किती घेतले, कोणाकडून, कोणत्या व्याजाने. आईचे कोणते दागिने गेले. परतल्यावर कोणत्या नोकरीचे आणि कोणत्या घराचे दार लागले. फेड किती वर्षे चालली. अशा शंभर वह्या जमल्या तर शिष्यवृत्तीच्या जागा, रक्कम आणि परतलेल्यांच्या निवासाची सोय ह्यांविषयी सरकारपुढे ठेवायला आपल्याजवळ भावनेऐवजी आकडे असतील. बाबासाहेब अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांच्या अनुयायांना हिशेब ठेवण्याची लाज वाटू नये.