खानदेशाचे लोकसभा-प्रतिनिधी : पार्श्वभूमी, पदे आणि मतदारसंघांच्या सीमा

लोकप्रतिनिधींच्या पार्श्वभूमीचा अभ्यास करताना त्यांचा व्यवसाय, शिक्षण, जात आणि पक्ष या चार गोष्टी नोंदविण्याचा प्रघात आहे. या नोंदी आवश्यक असल्या तरी त्यांवरून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. विशिष्ट काळी विशिष्ट प्रकारचीच माणसे एखाद्या प्रदेशातून का निवडून येतात, हा तो प्रश्न होय. खानदेशापुरते पाहिल्यास या प्रश्नाचे उत्तर पक्षांच्या इतिहासाइतकेच मतदारसंघांच्या सीमांच्या इतिहासात शोधावे लागते. १९५२ पासून २०२४ पर्यंत या प्रदेशाचे मतदारसंघ अनेकदा बदलले. त्यांची नावे बदलली, त्यांत समाविष्ट होणारे तालुके बदलले, आणि कोणती जागा राखीव राहावी हेही बदलले. प्रत्येक बदलाबरोबर दिल्लीला जाणाऱ्या माणसाची घडणही पालटली.

१

ब्रिटिश अमदानीतील विस्तीर्ण खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. जळगाव हे पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे झाले आणि धुळे हे पश्चिम खानदेशाचे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यात होते. १९५२ च्या त्या निवडणुकीत जळगावातून हरि विनायक पाटसकर, भुसावळातून शिवराम रंगो राणे, पश्चिम खानदेशातून शालिग्राम रामचंद्र भारतीय आणि पश्चिम खानदेशाच्या अनुसूचित जमातींसाठी राखीव जागेवरून जयंतराव गणपत नटावदकर हे काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. पूर्व खानदेशातील फैजपूर येथे १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले होते. त्या परंपरेचा हा स्वाभाविक परिपाक होता.

या चौघांमध्ये पाटसकरांचे स्थान वेगळे आहे. त्यांचा जन्म १८९२ मध्ये पुणे जिल्ह्यातील इंदापूर येथे झाला आणि वकिली खानदेशात चाळीसगाव येथे झाली. घटना समितीचेही ते सदस्य होते. तालुक्याच्या न्यायालयातून नगरपालिकेत, तेथून विधिमंडळात आणि अखेरीस संसदेत हा त्या पिढीतील अनेक काँग्रेस पुढाऱ्यांचा मार्ग होता. पाटसकर त्याच मार्गाने गेले. तथापि त्यांच्या वाट्याला आलेले काम सामान्य नव्हते. हिंदू संहितेचे विधेयक मागे पडल्यानंतर डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा त्याग केला होता. पुढे त्या संहितेचे भाग स्वतंत्र विधेयकांच्या रूपाने संसदेपुढे आले. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा यांची विधेयके लोकसभेत पुढे नेण्याची जबाबदारी कायदाविषयक मंत्री या नात्याने पाटसकरांकडे होती. मुलींना पित्याच्या संपत्तीत वाटा देणारे कलम सभागृहात सांभाळणारा मंत्री जळगावचा प्रतिनिधी होता, ही गोष्ट खानदेशाच्या राजकीय इतिहासात क्वचितच सांगितली जाते.

पाटसकरांचे दुसरे कार्य भाषेच्या अभ्यासकांना अधिक जवळचे आहे. आंध्र आणि मद्रास या राज्यांमधील सीमावादात त्यांनी मध्यस्थाचे काम केले. गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि बहुसंख्यांची भाषा ही तत्त्वे त्यांच्या निवाड्याच्या मुळाशी होती. त्या आधारे १९५९ मध्ये संसदेने कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून नवी सीमा अंमलात आली. बेळगावसह सीमाभागाच्या प्रश्नावर महाराष्ट्राने ज्या सूत्राचा सातत्याने आग्रह धरला, ते हेच सूत्र होय. जिल्हा किंवा तालुका हा घटक धरला, तर बहुसंख्येच्या हिशेबात अनेक गावांची भाषा नाहीशी होते. गाव हा घटक धरल्यास ती दिसू लागते. मोजणीचा घटक बदलला की बहुमत बदलते, हा पाटसकर-सूत्राचा आशय मतदारसंघांनाही तितकाच लागू पडतो, असे पुढील इतिहासावरून दिसून येईल.

२

१९५७ ची निवडणूक द्वैभाषिक मुंबई राज्याच्या सावटाखाली झाली. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेने खानदेशातील काँग्रेसचा पाया हादरला. पूर्व खानदेशातून नौशेर भरूचा निवडून आले. ते मुंबईचे पारशी वकील होते. जिल्ह्याशी रक्ताचे, जातीचे वा मातृभाषेचे नाते नसलेल्या माणसास खानदेशी मतदाराने मराठी राज्याच्या मागणीसाठी दिल्लीस पाठविले. भाषिक चळवळ ही संकुचित वृत्तीची असते, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य विचारात घ्यावे. धुळ्याकडे भारतीय जनसंघाचे उत्तमराव लक्ष्मण पाटील विजयी झाले. त्या वर्षी सबंध देशात जनसंघाचे केवळ चार सदस्य लोकसभेत गेले. बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी त्यांपैकी एक होते, तसेच उत्तमरावही. राखीव जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे लक्ष्मण वेडू वळवी निवडून आले. पाटसकर त्याच वर्षी मध्यप्रदेशाचे राज्यपाल झाले आणि १९६५ पर्यंत त्या पदावर राहिले. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले.

उत्तमरावांची पुढील वाटचाल लक्षणीय आहे. १९७८ मध्ये शरद पवारांच्या मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री झाले. १९८९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे उमेदवार म्हणून ते पुन्हा लोकसभेत गेले, परंतु या वेळी एरंडोल मतदारसंघातून. बत्तीस वर्षांच्या अंतराने तोच माणूस दुसऱ्या मतदारसंघातून लोकसभेत आला. या स्थलांतराचे कारण केवळ वैयक्तिक नव्हते, हे धुळे मतदारसंघाच्या मधल्या काळातील स्थित्यंतरावरून कळते.

३

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्याच वर्षी पूर्व आणि पश्चिम खानदेश ही नावे जाऊन जळगाव आणि धुळे ही जिल्ह्यांची नावे रूढ झाली. विभाजनाच्या वेळी पश्चिम खानदेशातील काही गावे गुजरातेत गेली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि राजकीय शिक्षणाचे स्थान न्यायालयातून जिल्हा परिषदेच्या सभागृहात व सहकारी संस्थांत गेले. धुळ्यातून चुडामण आनंदा पाटील यांच्यासारखे स्थानिक पुढारी वारंवार निवडून येऊ लागले.

या नव्या मार्गाचे सर्वांत ठळक उदाहरण तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील नंदुरबारचे माणिकराव होडल्या गावित यांचे होय. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि विधानसभा अशा पायऱ्या चढून ते १९८१ च्या पोटनिवडणुकीत लोकसभेत गेले आणि २००९ पर्यंत सलग नऊ वेळा निवडून आले. २००४ नंतर ते केंद्रात गृहराज्यमंत्री झाले, आणि २००९ मध्ये ज्येष्ठतेमुळे लोकसभेचे हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. आदिवासी राखीव मतदारसंघाने दिलेले स्थैर्य येथे दिसते. मात्र नऊ कार्यकालांचा अनुभव असूनही कॅबिनेट मंत्रिपद त्यांच्या वाट्याला आले नाही, याचीही नोंद झाली पाहिजे.

धुळ्यात याच काळात वेगळे घडले. १९७७ मध्ये तेथून विजय नवल पाटील निवडून आले होते. १९८० पासून २००४ पर्यंतच्या निवडणुकांत मात्र धुळ्याची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव राहिली. रेशमा मोतीराम भोये, बापू हरी चौरे, साहेबराव बागूल, डी. एस. अहिरे आणि रामदास रूपला गावित हे या काळातील धुळ्याचे प्रतिनिधी होत. विजय नवल पाटील यांनी १९८० मध्ये एरंडोल गाठले. उत्तमरावांचा एरंडोलकडे वळलेला मार्गही याच संदर्भात पाहिला पाहिजे. राखीव जागेमुळे साक्रीच्या पश्चिमपट्ट्यातील भिल्ल, कोकणी आणि मावची समाजांना दोन दशकांहून अधिक काळ लोकसभेचे दार उघडे राहिले, आणि त्याच वेळी धुळ्यातील प्रस्थापित नेतृत्व शेजारच्या मतदारसंघाकडे वळले.

४

जळगाव जिल्ह्यात १९७७ मध्ये जनता पक्षाचे यशवंत बोरोले आणि सोनुसिंग धनसिंग पाटील विजयी झाले. सोनुसिंग पाटील मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात गृहराज्यमंत्री होते. १९८० पासून शिक्षणक्षेत्रातून आलेले यादव शिवराम महाजन जळगावातून तीनदा निवडून आले. विजय नवल पाटील इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात दळणवळण खात्याचे उपमंत्री झाले, आणि एरंडोलचेच अण्णासाहेब एम. के. पाटील वाजपेयींच्या मंत्रिमंडळात ग्रामविकास राज्यमंत्री झाले. पुढील काळात धुळ्याचे सुभाष भामरे (२०१६ ते २०१९) संरक्षण राज्यमंत्री आणि रावेरच्या रक्षा खडसे २०२४ मध्ये युवक कल्याण व क्रीडा राज्यमंत्री झाल्या. या सर्व पदांची यादी एकत्र पाहिली तर एक साम्य जाणवते. खाती महत्त्वाची आहेत, परंतु दर्जा बहुतेक वेळी राज्यमंत्र्याचा किंवा उपमंत्र्याचा आहे.

याच्या उलट, खानदेशाच्या कन्येस देशाचे सर्वोच्च पद मिळाले, ते खानदेशी मतदारसंघातून लोकसभेत न जाता. बोदवडजवळील नाडगाव येथे १९३४ मध्ये जन्मलेल्या प्रतिभा पाटील १९६२ मध्ये जळगावातून आणि नंतर एदलाबादमधून विधानसभेत गेल्या. १९८५ मध्ये त्या राज्यसभेत गेल्या आणि १९८६ ते १९८८ या काळात उपसभापती होत्या. १९९१ मध्ये त्या लोकसभेत पोहोचल्या, त्या मात्र सासरच्या अमरावतीहून. २००७ मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या.

जळगाव जिल्ह्याच्या संसदीय इतिहासातील सर्वांत कटू प्रसंग २३ डिसेंबर २००५ रोजी घडला. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात लोकसभेने दहा सदस्यांना निष्कासित केले. त्यांत जळगाव आणि एरंडोल या दोन्ही जागांचे सदस्य होते. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २००७ रोजी ही कारवाई वैध ठरविली. २००७ च्या पोटनिवडणुकांत जळगावातून हरिभाऊ जावळे आणि एरंडोलमधून वसंतराव मोरे निवडून आले. मधल्या वर्षभराहून अधिक काळ केळी, कापूस आणि तापीचे पाणी यांविषयी लोकसभेत बोलणारा सदस्य या दोन्ही मतदारसंघांना नव्हता. सदस्याच्या वर्तनाचा दंड मतदारालाही भोगावा लागतो, हे त्या रिकाम्या जागांनी दाखविले.

५

२००८ च्या पुनर्रचनेने एरंडोल हा लोकसभा मतदारसंघ नाहीसा झाला आणि रावेर हा नवा मतदारसंघ निर्माण झाला. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर त्यात आले. धुळे पुन्हा सर्वसाधारण झाले, परंतु नव्या रचनेत साक्री व शिरपूर नंदुरबारमध्ये आणि नाशिक जिल्ह्यातील मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य व बागलाण धुळ्यात समाविष्ट होते. या बदलाचा अर्थ २०२४ मध्ये स्पष्ट झाला. दोनदा विजयी झालेले, कर्करोग-शल्यचिकित्सक असलेले भामरे ३,८३१ मतांनी पराभूत झाले आणि नाशिकच्या माजी महापौर डॉ. शोभा बच्छाव विजयी झाल्या. मालेगाव मध्य येथील मोठी आघाडी निर्णायक ठरली. १९५७ मध्ये मुंबईचा वकील पूर्व खानदेशातून निवडून आला, तो चळवळीच्या बळावर. २०२४ मध्ये नाशिकच्या डॉक्टर धुळ्यातून निवडून आल्या, त्यात नव्या सीमांचा वाटा मोठा होता.

व्यवसायाच्या दृष्टीनेही हा पालट बोलका आहे. प्रारंभीच्या वकिलांच्या जागी अलीकडे वैद्यकीय व्यवसायातील माणसे दिसतात. जळगावचे उल्हास पाटील, धुळ्याचे भामरे आणि बच्छाव, नंदुरबारच्या हीना गावित ही त्यांची उदाहरणे होत. २०२४ मध्ये खानदेशातील चारपैकी तीन जागांवर स्त्रिया निवडून आल्या. स्मिता वाघ, रक्षा खडसे आणि शोभा बच्छाव या त्या होत. मुलीला वारसा देणारे विधेयक सांभाळणाऱ्या पाटसकरांच्या जळगावचे प्रतिनिधित्व आता एक स्त्री करते. मात्र राजकीय वारशाचा प्रभावही याच काळात वाढला आहे. हीना गावित, रक्षा खडसे आणि २०२४ मध्ये नंदुरबारहून निवडून आलेले गोवाल पाडवी हे तिघेही राज्याच्या मंत्रिमंडळात राहिलेल्या नेत्यांच्या घराण्यांतील आहेत.

यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, प्रतिनिधीच्या नावापुढे केवळ पक्ष आणि व्यवसाय लिहून त्याची पार्श्वभूमी पूर्ण होत नाही. त्या वर्षी त्या मतदारसंघात कोणते तालुके होते, ती जागा राखीव होती की नव्हती, आणि मागील प्रतिनिधी कोठे गेला, या तीन नोंदी त्याच ओळीत आल्या पाहिजेत. खानदेशाची अशी सारणी तालुकावार सिद्ध झाली, तर इतर प्रदेशांशी तिची तुलना करणे शक्य होईल. मतदारसंघांची पुढील पुनर्रचना होण्यापूर्वी हे काम झाल्यास त्याचा उपयोग इतिहासापुरता मर्यादित राहणार नाही.